हसबनीस डॉक्टर जेवत आहेत

हसबनीस डॉक्टरांची आणि माझी ओळख झाली ती मी पंगतीतून आधी उठलो म्हणून.

सांगलीला आमच्या कॉलेजच्या हेडक्लार्कच्या मुलाची मुंज होती. पंगत मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मांडी घालून बसायची माझी सवय ग्रंथालयाच्या खुर्चीनं कधीच मोडलेली. जिलबी झाली, मसालेभात झाला, ताकभातही झाला. बोटं वाळून त्यांना ताकाची पापडी धरली. तरी पंगत उठेना. सगळे माना वळवून एकाच दिशेला बघत होते, कारण त्या टोकाला कुणीतरी अजून जेवत होतं. रिकामं पान दिसलं की वाढप्यांच्या हाताला खाज सुटते. ते पुन्हा जिलबीची परात घेऊन फिरायला लागले आणि नको नको म्हणता माझ्या पानात आणखी दोन पडल्या. त्या संपेपर्यंत माझा डावा पाय माझा राहिला नव्हता. तो जरा मोकळा करावा म्हणून मी हात टेकून किंचित वर झालो. शेजारच्याला वाटलं, उठलेच. तो उठला, त्याच्या पलीकडचा उठला, आणि बघता बघता सबंध पंगत उभी राहिली. टोकाला एक हडकुळे गृहस्थ तेवढे बसलेले, हातात भाताचा घास. त्यांनी उभ्या पंगतीकडे पाहिलं, घास परत पानावर ठेवला, पानाला नमस्कार केला आणि उठले. समोर बायकांच्या पंगतीतून आमच्या सौभाग्यवतींनी माझ्याकडे जे पाहिलं, त्यासाठी मराठीत शब्द आहेत, पण ते इथं लिहिण्यासारखे नाहीत.

हात धुताना मी त्यांच्यापाशी जाऊन काहीतरी पुटपुटलो.

"पायाला मुंग्या आल्या होत्या ना? डाव्या?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग ठीक आहे. मला वाटलं, पोट भरल्याचं कळलं म्हणून उठलात. इतक्या लवकर ते कळणं शक्यच नाही."

हे हसबनीस डॉक्टर. मेडिकलच्या पोरांना शरीरशास्त्र शिकवायचे. सगळे डॉक्टर म्हणायचे खरे, पण औषध देताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. "मी खडूचा डॉक्टर," असं स्वतःच सांगायचे. पूर्वी जतकडे काही वर्षं दवाखाना चालवला होता, तो बंद करून शिकवायला आले. का बंद केला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "लोकांना सुई हवी असते, माने. मी सांगणारा माणूस. सांगून सांगून दमलो."

दमलो हा त्यांचा रामराम होता. जिना चढून ग्रंथालयात आले की खुर्चीच्या पाठीला छत्री अडकवायची, कोट काढायचा नाही आणि "दमलो हो माने" म्हणून बसायचं. खरंच दमलेले दिसायचे. डोळ्यांखाली काळं, खांदे उतरलेले, आवाज खर्जात. कुणी म्हणे बायको लवकर गेल्यापासून असे आहेत, कुणी म्हणे जन्मतःच असे. पण दुपारी डबा उघडला की हा माणूस निराळा व्हायचा.

स्टाफरूममध्ये ते जेवत नसत. तिथं सगळे तास गाठायच्या घाईत. माझ्या ग्रंथालयाच्या मागं एक अरुंद व्हरांडा होता, समोर कडुनिंब, तिथं ते बसत. डब्यात ज्वारीची एक भाकरी, भाजी, शेंगदाण्याची कोरडी चटणी. एक तुकडा मोडायचा, तोंडात घालायचा, मग हात मांडीवर ठेवून कडुनिंबाकडे बघत चावायचं. तो गिळल्याशिवाय दुसऱ्या तुकड्याला बोट लावायचं नाही. मी शेजारी बसून माझ्या तीन पोळ्या संपवलेल्या असायच्या आणि डबा पुसून पुन्हा आत काही राहिलंय का बघत असायचो. ते न बघताच म्हणायचे, "थांबा. निरोप पोचायचाय अजून."

हा निरोप म्हणजे त्यांचं वेड. परदेशातली मासिकं तेव्हा बोटीनं यायची, कधी कधी इतक्या उशिरा की त्यातलं नवं जुनं होऊन जायचं. पण आलेलं पाकीट मी आधी डॉक्टरांना द्यायचं, असा आमचा अलिखित नियम. ते लग्नाची पत्रिका उघडावी तसं ते उघडायचे. तिकडे तेव्हा आतड्याबद्दल बरंच काही नवं निघत होतं. मी इतिहासाचा पदवीधर, मला आतडं म्हणजे फक्त पिळवटून येणारी गोष्ट. एकदा त्यांनी मला समजावून सांगितलं.

"माने, एकाच मापाची साखर एकाला तोंडातून दिली आणि एकाला शिरेतून दिली. तोंडातून दिली त्याचं स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडतं. का?"

"का?" मी विचारलं. माझ्या शिक्षणाला झेपणारा प्रश्न तेवढाच होता.

"तुमच्या घरी पाहुणा पुढच्या दारानं आला तर काय होतं? ओसरीवर बसलेला माणूस आत वर्दी देतो, पाहुणे आले. पाहुणा पायावर पाणी घेईपर्यंत आत चहाचं आधण चढलेलं असतं. तोच पाहुणा परसातल्या भिंतीवरून उडी टाकून एकदम स्वयंपाकघरात उभा राहिला तर?"

"आमची ही उलथनं फेकून मारील."

"तेच. गोंधळ. शिरेतून गेलेली साखर म्हणजे भिंतीवरून आलेला पाहुणा. तोंडातून गेली की वाटेत आतडं बसलेलं आहे. ते रक्तातून वर्दी पाठवतं, की माल येतोय, तयारीला लागा. आणि असंच मेंदूलाही सांगत असतं, की पुष्कळ झालं, आता हात आवरा. पण हा निरोप तारेनं जात नाही हो, पायी जातो. आपण तो पोचायच्या आत दोन पोळ्या जास्त खाल्लेल्या असतात." मग एकदम विझून म्हणाले, "पोरांना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, परीक्षेला आहे का."

पोरांनी त्यांचं नाव 'निरोप्या' ठेवलं होतं. एका वर्षी स्नेहसंमेलनात जिलबी खायची शर्यत ठेवली आणि गंमत म्हणून परीक्षक त्यांनाच नेमलं. डॉक्टर गंभीरपणे खुर्चीवर बसले आणि त्यांनी नियम सांगितला: एक ताटली संपली की स्पर्धकानं एक पूर्ण गाणं म्हणायचं, तिन्ही कडव्यांसकट, मगच दुसरी ताटली. पोरं हसली. पहिली ताटली सगळ्यांनी चट्कन उडवली. गाणी झाली. दुसरी ताटली जरा रेंगाळत गेली. पुन्हा गाणी. तिसऱ्या ताटलीला हॉस्टेलमधला सर्वांत दांडगा गडी, जो सकाळपासून उपाशी राहून तयारीत आला होता, तो जिलबीकडे बघून म्हणाला, "सर, गाणं म्हणतो, पण हे नको." परातभर जिलबी उरली. प्राचार्य चिडले, आचारी चिडला, पोरं तर पेटलीच. डॉक्टर छत्री घेऊन शांतपणे निघाले. फाटकापाशी मला म्हणाले, "एवढं चांगलं प्रात्यक्षिक माझ्या प्रयोगशाळेत कधी झालं नाही." नंतर त्यांना संमेलनाला कोणी बोलावलं नाही.

असे डॉक्टर. आता माझ्या सासऱ्यांकडे येतो, कारण डॉक्टर मला खरे दिसले ते त्यांच्यामुळे.

माझे सासरे सुभेदार जगदाळे. फौजेतून निवृत्त होऊन मलकापूरच्या आतल्या बाजूला गावी ऊस बघत होते. मिशी, आवाज आणि भूक या तिन्ही गोष्टी पेन्शनीत निघाल्या नव्हत्या. लघवीतून साखर जाते हे त्यांना फौजेतच सांगितलेलं, पण ते त्यांनी फौजेतच ठेवलं होतं. एका साली नवी कापशी चप्पल पायाला लागली. करंगळीपाशी फोड आला, फुटला आणि भरेचना. काळा पडत चालला. कराडच्या सर्जननं साफ सांगितलं, साखर ताब्यात आली नाही आणि जखम अशीच राहिली तर पाय घोट्यावरून काढावा लागेल. साखर उतरली तर फार तर बोटावर भागेल.

मी डॉक्टरांना गळ घातली. "मी औषध देत नाही," एवढंच म्हणाले. मी घरी येऊन तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आमची ही स्वतः ग्रंथालयाच्या व्हरांड्यात येऊन उभी राहिली. डॉक्टरांच्या हातात भाकरीचा तुकडा.

"डॉक्टर, आबांना त्यांच्या पायांनी शेतात जाता आलं पाहिजे," ती म्हणाली. "खुर्चीवर बसून हुकूम सोडणारा माणूस नाही तो. बसवला तर वर्षात जाईल."

डॉक्टरांनी तुकडा डब्यात ठेवला. घास पुरा न करता डबा बंद केलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "घेऊन या," म्हणाले. "तपासतो. फक्त तपासतो."

तेव्हाची तपासणी म्हणजे परीक्षानळीत निळं रसायन, त्यात लघवीचे थेंब आणि खाली स्पिरिटचा दिवा. निळंच राहिलं तर पास. हिरवं, पिवळं, नारिंगी असं चढत विटकरी झालं तर नापास. सुभेदार सांगलीला आले, छाती काढून उभे राहिले, रसायन निळं. पुढच्या खेपेला आले, निळं. त्याच्या पुढच्या खेपेलाही निळं. आणि जखम मात्र प्रत्येक वेळी थोडी मोठी.

"नळीत साखर नाही आणि पायात आहे," डॉक्टर डबा उघडत म्हणाले. "हे जमत नाही, माने. जेवतात कसे तुमचे सासरे?"

"आमच्याकडे येतात तेव्हा तर जेवतच नाहीत," मी जावयाच्या अभिमानानं सांगितलं. "नुसतं ताक. मी म्हणतो, मामा, दोन घास तरी घ्या. नको म्हणतात. फार संयम आहे."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. ग्रंथपालाकडे लोक इतक्या करुणेनं क्वचितच बघतात. "रविवारी गावी जाऊ," ते म्हणाले. "कळवू नका."

एस. टी. कराडला पोचेपर्यंत मी दोनदा खिडकीबाहेर डोकं काढलं. मला गाडी लागते. डॉक्टर त्यांची पिशवी आणि माझी पिशवी, दोन्ही सांभाळत बसले होते. गावात शिरताच गुळाचा वास आला. गुऱ्हाळ चालू होतं. सुभेदार बाजेवर बसलेले, जखमी पाय पोत्यावर, पुढ्यात उसाच्या रसाचा तांब्या आणि केळीच्या पानावर गरम गुळाचा गोळा, त्यात शेंगदाणे खोचलेले.

"आवं पाव्हणं!" ते ओरडले. "सांगावा न्हाई, काय न्हाई! आन डॉक्टरसायबबी?" बोलता बोलता पान हातानं मागं सरकवत होते, पण गूळ गरम होता, हाताला चिकटला.

डॉक्टरांनी नमस्कार केला, पिशवीतून नळी, रसायन आणि दिवा काढला. "सुभेदार, जरा उसात जाऊन या."

गुऱ्हाळावरची माणसं काहिली सोडून भोवती जमली. डॉक्टरांनी दिवा लावला. रसायन हिरवं झालं, पिवळं झालं आणि मग गुऱ्हाळाच्या भट्टीच्या विटेसारखं लाल.

"ह्ये औशद नासलंय," सुभेदार म्हणाले. "परवा निळं आलंतं की."

"यील न्हाई तर काय हुईल!" मागून माझ्या सासूबाईंचा आवाज आला. एरवी त्या जावयासमोर डोकं वर करायच्या नाहीत. "सांगलीला जायाचं म्हनलं की आदुगर दोन दिस नुसतं ताक प्यायचं. आन पास झालं की घरला येऊन काकवीचा घडा जवळ वडायचा. मी बोलली तर म्हनत्यात, तुला फौजंतलं काय कळतंय."

"मग?" सुभेदारांनी मिशीवर हात फिरवला. "सायेब इन्स्पेक्शनला येनार म्हनल्यावर बराकीला चुना मारत्यात का न्हाई? समदी पल्टन मारतीया. त्यात आमी काय वंगाळ केलं?"

आजूबाजूची माणसं हसली. मीही हसलो असतो, पण सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. डॉक्टर हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. बाजेच्या कडेवर बसले.

"दमलो हो," म्हणाले. मग त्या पोत्यावरच्या पायाकडे बघत म्हणाले, "सुभेदार, साहेब मी नाही. साहेब हा आहे. हा रात्रंदिवस इन्स्पेक्शन करतोय आणि याला चुना दिसत नाही. सर्जन घोट्यावरून कापणार, तो माझी नळी बघून थांबणार आहे का?"

काहिलीतल्या रसाचा बुडबुड आवाज तेवढा येत होता.

दुपारी जेवायला बसलो. आता यजमानानं पाहुण्याच्या आधी उठायचं नाही हे सुभेदारांना मी सांगायची गरज नव्हती. त्यांनी आपली पहिली भाकरी रिवाजाप्रमाणे उडवली आणि मग डॉक्टरांकडे बघत बसले. डॉक्टर एक तुकडा मोडून चावत होते. चावता चावता ऊस कोणत्या जातीचा, पाळी केव्हा, सगळं विचारत होते. सुभेदारांना उत्तरं द्यावी लागत होती, आणि भरल्या तोंडानं पाहुण्याशी बोलायची त्यांची रीत नव्हती. दुसरी भाकरी तशीच रेंगाळत संपली. सासूबाई तव्यावरची तिसरी घेऊन आल्या, वर लोण्याचा गोळा. सुभेदारांनी ताटावर हात आडवा धरला.

"र्‍हाऊ द्या."

सासूबाई भाकरी हातात घेऊन तशाच उभ्या. "का वो? मीठ ज्यादा झालंय का कालवनात?"

"न्हाई. नगं वाटतंय." आणि ते स्वतःच चमकले. एवढ्या वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून त्या घरानं ऐकला नसावा.

डॉक्टर मान वर न करता चावत होते. मला वाटलं, आता ते निरोपाचं सांगतील, विजयानं सांगतील. पण हात धुऊन आल्यावर ते सुभेदारांशेजारी बसले आणि म्हणाले, "हे बरं झालं. पण एवढ्यानं पाय वाचणार नाही. आतडं निरोप देतंय, पण ऐकणारं स्वादुपिंड माझ्यासारखं दमलंय. त्याच्या वाटणीचं काम आता सुईनं करावं लागणार. रोज."

"रोज? मरस्तवर?"

"हो."

चकमकीत गोळी अंगावरून गेल्याच्या गोष्टी सांगणारा माणूस, त्याचा चेहरा उतरला. "आमच्या थोरल्या भावाला सुई चालू केली आन म्हैन्यात गेला त्यो," ते हळूच म्हणाले. "सुई म्हंजी शेवट, डॉक्टर."

"सुई उशिरा चालू केली म्हणून गेला. तुम्ही अजून उशीर केला नाही. थोडाच केलाय."

"आवं, घ्या की!" सासूबाई दारातून म्हणाल्या. "न्हाईतर मीच टोचून घेती तुमच्या नावानं, आन तुमी बसा ताक पीत!"

सुभेदार हसले. हसता हसता डोळे पुसले.

औषध न देणाऱ्या डॉक्टरांनी त्या दिवशी काचेची सिरिंज चुलीवर उकळायला शिकवली. औषधाची बाटली ओल्या मडक्यात कुठं ठेवायची ते दाखवलं, आणि सुई टोचल्यावर जेवण चुकवायचं नाही हे सासूबाईंकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. मग ते जवळजवळ प्रत्येक रविवारी जात राहिले. मी सोबत असायचो, म्हणजे पिशव्या त्यांच्याकडे आणि मी खिडकीत. सुभेदारांनी सुईची परेड करून टाकली. पहाटे मांडीवर टोचायचे तेव्हा घरात कोणी बोलायचं नाही. करंगळी गेली, तिला वाचवता आलं नाही. पण सर्जन बाकीच्या पायाकडे बघून नुसतं हूं म्हणाला, आणि उन्हाळा संपेपर्यंत जखम भरून तिथं गुलाबी कातडी आली.

डॉक्टर निवृत्त झाले आणि साताऱ्याला विधवा बहिणीकडे राहायला गेले. पत्रं येत, मग विरळ झाली. एक दिवस बहिणीचंच पत्र आलं की दादांना बरं नाही, जेवण तुटलंय. मी आणि ही साताऱ्याला निघालो. सुभेदारांना कळताच ते कराडला आमच्या गाडीत चढले. "मी येनार. त्येस्नी पाय दावायचाय."

डॉक्टर खोलीत गादीवर बसलेले होते. मुळातच कमी असलेल्या माणसातून आणखी किती कमी होऊ शकतं, ते मी पाहत होतो. अंगात तोच कोट. बहिणीनं आमच्याबरोबर त्यांनाही पिठलं-भाताचं ताट आणलं. त्यांनी दोन घास घेतले, भरभर, चावल्यासारखे न चावता, आणि ताट बाजूला सारलं. माझा हात माझ्या ताटावर थांबला.

"इथले डॉक्टर काय म्हणतात?" मी विचारलं.

"पोटातच काहीतरी आहे, म्हणतात. जन्मभर त्याची बाजू घेतली, माने, आणि ते माझ्यावरच उलटलं." थोडं हसले. मग सुभेदारांकडे वळले. "चला. चालून दाखवा."

सुभेदारांनी चप्पल काढली आणि खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालले, छाती काढून, टाच आपटत. डॉक्टर पायाकडे बघत होते.

"पुन्हा," म्हणाले.

सुभेदार पुन्हा गेले आणि आले. मी घड्याळ बघत होतो, कारण सांगलीची गाडी सुटायची वेळ झाली होती. हिनं पदर सारखा केला, मी पिशवी उचलली.

"आणखी एकदा चाला, सुभेदार," डॉक्टर म्हणाले. "सावकाश. वळताना वजन कुठं येतं ते बघू द्या."

सुभेदार सावकाश चालले. डॉक्टरांचे हात मांडीवर होते आणि ते बघत होते. आम्ही निघालो तेव्हा दारापर्यंत यायला ते उठू लागले. बहिणीनं खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. जिन्यावरून मी मागं वळून पाहिलं, तर ते आम्ही नुकत्याच रिकाम्या केलेल्या जागेकडे, त्या दोन भिंतींमधल्या फरशीकडे बघत होते.

गाडीत सुभेदार पुढच्या बाकावर लगेच घोरायला लागले. मी हिला म्हटलं, "बघ, मरायला टेकलाय माणूस, पण अजून पायाचा अभ्यास सुटत नाही. तीनदा चालायला लावलं. खरा शास्त्रज्ञ."

ती खिडकीतून बाहेर बघत होती. तशीच बघत म्हणाली, "पाय त्यांनी पहिल्या फेरीलाच बघितला होता हो. पुढं आपण जाऊ नये म्हणून चालवत होते आबांना. आणि तुम्ही पिशवी उचललीत."